विश्लेषण : ‘वाइल्ड रोझ’ची नायिका विदर्भात जन्मली असती तर? गाणाऱ्या मुलीला गाव सोडावेच लागते का?

ग्लासगोत घरकाम करणाऱ्या एका तरुणीला अमेरिकेत जाऊन कंट्री म्युझिकची स्टार व्हायचे आहे. एवढ्याशा गोष्टीवर उभा राहिलेला ‘वाइल्ड रोझ’ हा छोटा ब्रिटिश चित्रपट २०१८ मध्ये आला. त्याची नायिका जेसी बकली २०२५ च्या ‘हॅम्नेट’मुळे जगभर पोहोचली आणि तिचा हा जुना चित्रपट अनेकांनी नव्याने शोधून पाहिला. नागपूरकरांनी तो पाहावा यासाठी आणखी एक कारण आहे. या गोष्टीतले बहुतेक सगळे काही विदर्भात आहे. नाही तो फक्त चित्रपट.

‘वाइल्ड रोझ’ची गोष्ट काय?

रोझ-लिन हार्लन २३ वर्षांची. अमली पदार्थांच्या गुन्ह्यात वर्षभर तुरुंगात राहून नुकतीच सुटलेली. पदरात दोन लहान मुले. त्यांची नावेही तिने कंट्री गायकांवरून ठेवलेली, मुलगी वायनोना आणि मुलगा लाइल. पायाला इलेक्ट्रॉनिक टॅग बांधलेला असल्याने संध्याकाळनंतर घराबाहेर पडायची सोय नाही, आणि गाण्याचे कार्यक्रम तर रात्रीच होतात. पांढऱ्या काउबॉय बुटांत टॅग लपवून फिरणाऱ्या या मुलीला अमेरिकेतील नॅशव्हिल गाठायचे आहे.

ती एका श्रीमंत घरी साफसफाईचे काम धरते. घरमालकीण सुझॅना तिचे गाणे ऐकून थक्क होते आणि ओळखीतून तिला लंडनला, बीबीसीच्या बॉब हॅरिस या नामवंत रेडिओ निवेदकापर्यंत पोहोचवते. हॅरिस यांनी चित्रपटात स्वतःचीच भूमिका केली आहे. नंतर सुझॅना स्वतःच्या पन्नासाव्या वाढदिवसाला पाहुण्यांकडून भेटवस्तूंऐवजी रोझ-लिनच्या प्रवासासाठी पैसे गोळा करायचे ठरवते. गंमत म्हणजे आपल्याला मुले आहेत, हेच रोझ-लिनने या बाईंपासून लपवून ठेवलेले असते.

दुसऱ्या बाजूला तिची आई मॅरियन आहे. ज्युली वॉल्टर्स यांनी ती साकारली आहे. वर्षानुवर्षे बेकरीत नोकरी केलेली, नातवंडे सांभाळून थकलेली. लेकीच्या स्वप्नाला ती विरोध करते, पण ती खलनायिका नाही. मुलांना रविवारी फिरायला न्यायचे कबूल करून आई आलीच नाही तर त्यांची समजूत कोणी घालायची, एवढाच तिचा प्रश्न असतो. चित्रपटाचा खरा जीव या प्रश्नात आहे. मुलगी गुणी आहे का, याबद्दल पहिल्या दहा मिनिटांनंतर कोणालाच शंका राहत नाही.

शेवट काय होतो? ज्यांना चित्रपट अजून पाहायचा आहे त्यांनी पुढचे चार ओळींचे लिखाण ओलांडून जावे. शेवटी आईच स्वतःची बचत लेकीच्या हातात ठेवते. रोझ-लिन नॅशव्हिलला पोहोचते, तिथल्या प्रसिद्ध रायमन सभागृहात रिकाम्या खुर्च्यांसमोर गाते आणि परत येते. वर्षभराने ती ग्लासगोतच, स्वतःच्या शहराबद्दलचे स्वतःचे गाणे गाताना दिसते. समोर आई असते आणि मुले असतात.

कंट्री म्युझिक म्हणजे नेमके काय?

अमेरिकेच्या दक्षिणेकडील डोंगराळ भागातल्या गरीब गोऱ्या शेतकऱ्यांची आणि मजुरांची गाणी, अशी त्याची सोपी ओळख करून दिली जाते. ती अर्धवट आहे. बँजो हे त्यातले महत्त्वाचे वाद्य आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या परंपरेतून आले. चर्चमधील भजने, आयर्लंड-स्कॉटलंडहून आलेल्या लोकांच्या चाली आणि ब्लूज हेही त्यात मिसळले. म्हणजे ग्लासगोची मुलगी ‘परके’ संगीत गाते असे वाटत असले, तरी त्या संगीताचे एक मूळ तिच्याच देशात आहे.

विदर्भासाठी यातला मुद्दा वेगळा आहे. हे संगीत गावागावांत होतेच. त्याचा उद्योग झाला तो दोन यंत्रांमुळे. पहिले यंत्र ध्वनिमुद्रणाचे. १९२७ च्या उन्हाळ्यात राल्फ पीर नावाचा निर्माता टेनेसी-व्हर्जिनिया सीमेवरच्या ब्रिस्टल या छोट्या गावात मशीन घेऊन गेला आणि आसपासच्या गायकांना बोलावून त्याने गाणी मुद्रित केली. कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स हे कंट्रीचे पहिले मोठे तारे तिथेच मिळाले. दुसरे यंत्र रेडिओचे. नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम केंद्रावर १९२५ मध्ये सुरू झालेला कार्यक्रम पुढे ‘ग्रँड ओल ऑप्री’ नावाने गाजला आणि आजही सुरू आहे. १९४३ ते १९७४ या काळात तो रायमन सभागृहातून प्रसारित होत असे. गायक गावाकडचा, पण त्याचा आवाज शेकडो मैलांवरच्या स्वयंपाकघरात पोहोचू लागला.

स्त्रियांसाठी हा रस्ता सरळ नव्हता. केंटकीतल्या कोळसा खाणकामगाराची मुलगी लोरेटा लिन पंधराव्या वर्षी लग्न होऊन सासरी गेली आणि विशीत पोहोचेपर्यंत चार मुलांची आई झाली होती. १९६० मध्ये पहिली रेकॉर्ड निघाली तेव्हा ती आणि तिचा नवरा गाडीत रेकॉर्डचे गठ्ठे टाकून एकेका रेडिओ केंद्राच्या दारात गेले. ते गाणे देशाच्या कंट्री यादीत चौदाव्या क्रमांकापर्यंत चढले. १९७५ मध्ये गर्भनिरोधक गोळीवरच्या तिच्या गाण्यावर अनेक रेडिओ केंद्रांनी बंदी घातली. तिच्या आयुष्यावर १९८० मध्ये ‘कोल मायनर्स डॉटर’ आला. सिसी स्पेसेकने त्यातली गाणी स्वतः गायली आणि ऑस्कर मिळवले. गाणाऱ्या गरीब मुलीच्या चित्रपटांचा साचा बऱ्याच अंशी तिथून पक्का झाला. ‘वाइल्ड रोझ’ तो साचा घेतो आणि शेवटी उलटवतो.

मोठ्या स्टुडिओशिवाय संगीतपट कसा उभा राहिला?

लेखिका निकोल टेलर मूळच्या ग्लासगोच्याच. दिग्दर्शक टॉम हार्पर यांनी त्याआधी बीबीसीच्या ‘वॉर अँड पीस’ मालिकेत जेसी बकलीसोबत काम केले होते. बकली २००८ मध्ये बीबीसीच्या एका गायन-अभिनय रिअॅलिटी शोमध्ये दुसरी आली होती. म्हणजे गाणारी अभिनेत्री आधीच हाताशी होती. तिने गाणी स्वतः गायली, काहींच्या लेखनातही तिचा वाटा आहे. पार्श्वगायिका, नंतरचे ओठ जुळवणे, त्यासाठी लागणारे दिवस, हा सगळा खर्च वाचला. त्याहून मोठा फायदा असा की गाताना लागलेला दम पडद्यावर खरा वाटतो.

पैसा मात्र आकाशातून पडला नाही. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट, फिल्म फोर आणि क्रिएटिव्ह स्कॉटलंड यांचे पाठबळ चित्रपटाला होते. तीनही संस्था सार्वजनिक स्वरूपाच्या. महत्त्वाचे म्हणजे असा पैसा चित्रपट बनण्याआधी, पटकथेच्या आणि चित्रीकरणाच्या टप्प्यावर मिळतो. हा तपशील लक्षात ठेवावा, पुढे तो लागणार आहे.

शेवटचे गाजलेले गाणे लिहिणाऱ्यांमध्ये मेरी स्टीनबर्गन आहेत. त्या मूळच्या अभिनेत्री, १९८० च्या एका चित्रपटासाठी ऑस्करविजेत्या. हातावरच्या एका छोट्या शस्त्रक्रियेनंतर डोक्यात सतत सूर वाजू लागले आणि आपण गीतलेखनाकडे वळलो, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले आहे. या गाण्याला क्रिटिक्स चॉइस पुरस्कार विभागून मिळाला, ऑस्करच्या प्राथमिक यादीतही ते होते. बकलीला बाफ्टाचे नामांकन मिळाले.

मराठीत अशी गोष्ट आलीच नाही का?

आली, आणि भरपूर आली. तिचे नाव तमाशापट. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ १९५९ मध्ये आला आणि पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात तब्बल १३१ आठवडे चालला. कथेत गावच्या पाटलाने केलेल्या अन्यायाचा जाब एक मुलगी तमाशाच्या बोर्डावरून विचारते. जयश्री गडकर यांना याच चित्रपटाने मोठे केले. पडद्यामागे आवाज आशा भोसले यांचा, संगीत वसंत पवार यांचे, शब्द ग. दि. माडगूळकरांचे. त्यानंतर पुढची दीड-दोन दशके ढोलकी, पाटील आणि फड हे मराठी चित्रपटाचे हमखास भांडवल होऊन बसले.

पण या चित्रपटांकडे आज ‘वाइल्ड रोझ’ शेजारी ठेवून पाहिले तर एक गोष्ट खटकते. त्यातली बाई बोर्डावर येते ती बहुधा नाइलाजाने, अन्यायाने किंवा जन्माने. मोठी कलावंत व्हावे ही तिची स्वतःची महत्त्वाकांक्षा गोष्टीच्या मध्यभागी क्वचितच असते. ‘पिंजरा’ (१९७२) ही अखेर मास्तरांच्या पतनाची गोष्ट. ‘नटरंग’मध्ये (२०१०) कलेसाठी घरदार पणाला लावणारा गुणा पुरुष आहे. पुरुषाने घर सोडले तर ती कलेची ओढ, आणि बाईने सोडले तर ती घसरण, हा हिशेब मराठी पडद्याने फारसा तपासला नाही.

तपासला तो एका बाईनेच, पण पुस्तकात. ‘सांगत्ये ऐका’मध्येच भूमिका केलेल्या हंसा वाडकर यांनी त्याच नावाने आत्मचरित्र सांगितले आणि घर, पैसा, पुरुष आणि काम यांच्या ओढाताणीत कलावंत बाईचे काय होते हे आडपडदा न ठेवता मांडले. त्यावर १९७७ मध्ये श्याम बेनेगल यांनी ‘भूमिका’ केला. स्मिता पाटील यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. रोझ-लिनची सर्वांत जवळची मराठी बहीण शोधायची तर ती इथे सापडते. मात्र तो चित्रपट हिंदीत झाला.

विदर्भाचे ‘नॅशव्हिल’ कोणते?

या प्रश्नाला नागपुरात एकच उत्तर मिळेल, वडसा. गडचिरोली जिल्ह्यातील हे गाव कागदोपत्री देसाईगंज; गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावरचे स्थानक, नागपूरहून दीडशे किलोमीटरच्या आत. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांतला झाडांनी वेढलेला, धानाचा पट्टा म्हणजे झाडीपट्टी, आणि त्या पट्ट्याच्या रंगभूमीची ही बाजारपेठ. मुख्य रस्त्याने चालत गेले की दोन्ही बाजूंना नाट्यमंडळांच्या कार्यालयांच्या पाट्या दिसतात. गावोगावची मंडळे इथे येऊन नाटकाची तारीख ठरवतात.

हंगाम साधारण भाऊबीजेच्या सुमारास सुरू होतो आणि होळीपर्यंत चालतो. धान घरात आलेले असते, हातात थोडा पैसा असतो. मंडई किंवा शंकरपट ठरला की रात्री नाटक हवेच. लेकी-जावयांना निरोप जातात, पाहुणे मुक्कामाला येतात, काही लग्नेही याच गर्दीत जुळतात. नाटक रात्री उशिरा सुरू होते आणि पहाटेपर्यंत चालते. मधेमधे गाणी, लावणी, विनोद. गाणे इथे तोंडी लावायला नसते. बाजूला बसलेले वादक आणि बोर्डावरचा जिवंत गळा यांवर प्रयोग चालतो. ‘आवाज पडला’ हे इथे कलावंताविषयी बोलले जाणारे सर्वांत वाईट वाक्य असावे.

आधी स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करत. दंडार आणि खडी गंमत या जुन्या प्रकारांत ती प्रथा होती. पुढे स्त्रिया बोर्डावर आल्या, नागपूरसह अनेक ठिकाणच्या अभिनेत्री हंगामासाठी वडशाला मुक्काम हलवू लागल्या. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेले परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा राज्याच्या उरलेल्या भागातील अनेकांनी ‘झाडीपट्टी’ हा शब्द पहिल्यांदा नीट वाचला.

या जगावर चित्रपट झालाच नाही असे नाही. तृषांत इंगळे दिग्दर्शित ‘झॉलीवूड’ हा मराठी चित्रपट ३ जून २०२२ रोजी प्रदर्शित झाला. झाडीपट्टीचे जग तिथल्याच कलावंतांना घेऊन पडद्यावर आणणारा हा प्रयत्न होता. पण तो या रंगभूमीचा चित्रपट होता. तिथल्या एकट्या गायिकेची, तिच्या स्वप्नाची आणि घरच्या हिशेबाची गोष्ट अजून पडद्यावर यायची आहे.

वडशाची गायिका स्टार का होत नाही?

प्रेक्षक कमी आहेत म्हणून नक्कीच नाही. एका रात्री एका गावात काही हजार माणसे नाटकाला बसतात. अडचण ब्रिस्टलच्या गोष्टीत दडलेली आहे. झाडीपट्टीचे गाणे बोर्डावर जन्मते आणि पहाटे मांडव उतरला की तिथेच संपते. गायिकेला रात्रीचे मानधन मिळते, पण तिच्या नावाने मुद्रित झालेले, जगात कुठेही वाजवता येईल असे गाणे मागे उरत नाही. हंगामात हिट झालेला आवाज हंगामापुरताच आणि चार जिल्ह्यांपुरताच ओळखला जातो.

आता मोबाइल आहे ना, मग? आहे, आणि त्यामुळे गोष्ट सोपी झाली तशी थोडी गुंतागुंतीचीही झाली. प्रयोग सुरू असताना कोणीतरी व्हिडीओ काढतो आणि स्वतःच्या चॅनेलवर टाकतो. व्ह्यू येतात ते त्या चॅनेलला. यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे मिळायला साधारणपणे किमान १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तासांचा वॉच टाइम लागतो. शॉर्ट्ससाठी ९० दिवसांत एक कोटी व्ह्यूची अट आहे. रोज रात्री वेगळ्या गावात गाणाऱ्या आणि दिवसा झोप काढणाऱ्या बाईने हे चॅनेल कधी चालवायचे? म्हणून गळा एकीचा आणि चॅनेल भलत्याचेच, अशी वाटणी सहज होऊन बसते.

कायदा काय म्हणतो तेही पाहायला हवे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली. चित्रपटासाठी किंवा ध्वनिमुद्रिकेसाठी गाणे विकले तरी गीतकार आणि संगीतकाराला पुढच्या रॉयल्टीतला आपला वाटा सोडून देता येत नाही, हे त्या दुरुस्तीने स्पष्ट केले. गायक-वादकांसारख्या सादरकर्त्यांचा हक्कही तिने बळकट केला. त्यांच्या संमतीशिवाय सादरीकरण मुद्रित करणे हा त्या हक्काचा भंग ठरू शकतो. गायकांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था २०१३ पासून मुंबईत आहे. पण हा हक्क वापरायचा तर गाणे कोणाचे, गायले कोणी, मुद्रित कोणी केले याची कुठेतरी नोंद लागते. तोंडी ठरलेल्या मानधनावर चालणाऱ्या व्यवहारात ती कोण ठेवणार? पारंपरिक चालीवर कोणाचाच मालकी हक्क नसतो हे खरे. पण त्या चालीचे विशिष्ट ध्वनिमुद्रण मात्र ते करणाऱ्या कंपनीचे असते. चाल आजीची असली तरी फाइल कंपनीची, असे हे सोप्या भाषेत.

मग बाहेर पडण्याचा रस्ता कोणता?

गेल्या वीसेक वर्षांत एकच रस्ता ठळक दिसला, टीव्हीवरच्या स्पर्धेचा. वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटच्या वैशाली भैसने, म्हणजे आताच्या वैशाली माडे, झी मराठीच्या ‘सा रे ग म प’च्या विजेत्या ठरल्या आणि २००९ मध्ये हिंदीतील ‘सा रे ग म प चॅलेंज’ही त्यांनी जिंकले. एसएमएसने मते देण्याचे ते दिवस होते. पुढे ‘बाजीराव मस्तानी’तील ‘पिंगा’ (२०१५) आणि ‘कलंक’मधील ‘घर मोरे परदेसिया’ (२०१९) या दोन मोठ्या गाण्यांत श्रेया घोषाल यांच्यासोबत त्यांचा आवाज आला. हिंगणघाटहून निघालेल्या मुलीने संजय लीला भन्साळींच्या चित्रपटात गाणे, ही विदर्भातल्या घराघरात सांगितली जाणारी गोष्ट झाली आणि तिचे कौतुक अजिबात कमी करू नये.

तरीही एक गोष्ट नोंदवायला हवी. या रस्त्यावरचे प्रत्येक स्थानक मुंबईत आहे. ऑडिशन विदर्भात झाली तरी स्पर्धा मुंबईत, रेकॉर्डिंग मुंबईत, संगीतकार मुंबईत. नागपूरला आकाशवाणी केंद्र १९४८ पासून आहे, सिव्हिल लाइन्समध्ये दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र १९८६ पासून आहे. मंच आहेत. पण गायिकेचे पूर्ण करिअर इथेच राहून घडेल अशी साखळी, म्हणजे स्टुडिओ, प्रकाशक कंपनी, व्यवस्थापक आणि वकील, इथे जुळलेली नाही. रोझ-लिन शेवटी ग्लासगोला परतू शकते, कारण ग्लासगोत तिच्यासाठी काही आहे: गोवन भागात १९७४ पासून चालू असलेला, नॅशव्हिलच्या कार्यक्रमाचेच नाव घेतलेला कंट्री क्लब, आणि दर जानेवारीत भरणारा ‘सेल्टिक कनेक्शन्स’ महोत्सव. घरी परतण्यासाठी घराजवळ स्टेज असावे लागते.

बोलीचे काय?

‘वाइल्ड रोझ’मध्ये एक मजेशीर गोष्ट आहे. रोझ-लिन बोलते कडक ग्लासगोच्या हेलात. इतक्या कडक, की इंग्रजी जाणणाऱ्यालाही सबटायटल लागावेत. आणि गायला लागली की स्वर थेट अमेरिकन होतो. चित्रपट हे लपवत नाही. स्वतःचे गाणे सापडायला तिला उशीर लागतो, त्यामागे हेही आहे.

नागपूरच्या मुलीला हे समजावून सांगावे लागणार नाही. घरात ‘जाऊन राहिली’, ‘काऊन’ म्हणणारी मुलगी गाण्याच्या क्लासला गेली की ‘ण’ आणि ‘ळ’ घोटू लागते. पूर्व विदर्भात ‘पाणी’चे ‘पानी’ होते आणि परीक्षक नेमके तिथेच बोट ठेवतात. शुद्ध उच्चार शिकण्यात गैर काही नाही. पण बदल एकाच दिशेने होतो. मराठी टीव्हीने विदर्भाची बोली घेतली ती मुख्यतः हसण्यासाठी. भारत गणेशपुरे यांच्यासारख्या अभिनेत्याने वऱ्हाडी लोकप्रिय केली हे मोठेच काम, पण त्याच बोलीत एखाद्या मुलीने प्रेमाचे किंवा दुःखाचे गाणे गाऊन ते राज्यभर गाजले, असे उदाहरण चटकन आठवत नाही. झाडीपट्टीच्या बोर्डावर मात्र ती बोली रडतेही आणि भांडतेही, आणि तिथे कोणी हसत नाही.

नागपूरचा गायक पडद्यावर आला तेव्हा काय झाले?

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावर त्यांच्या गाण्यामुळे खटला चालतो. ही भूमिका करणारे वीरा साथीदार नागपूरचे कार्यकर्ते आणि संपादक होते, व्यावसायिक अभिनेते नव्हते. गाणी संभाजी भगत यांची. चित्रपटाला व्हेनिसमध्ये दोन पुरस्कार मिळाले, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, भारताकडून ऑस्करलाही तोच गेला. साथीदार यांचे एप्रिल २०२१ मध्ये करोनाने निधन झाले. छोट्या खर्चात, नवख्या चेहऱ्यांवर, खऱ्या गाण्यांवर मराठी चित्रपट जगभर जाऊ शकतो हे ‘कोर्ट’ने दाखवले. पण त्याच्या पटकथेला आधार मिळाला तो नेदरलँड्समधील ह्युबर्ट बाल्स निधीचा, आणि निर्माते विवेक गोम्बर यांनी स्वतः जोखीम घेतली.

इथे मघाचा तपशील परत येतो. महाराष्ट्र सरकारची मराठी चित्रपटांना अर्थसाहाय्याची योजना आहे. ‘अ’ दर्जाला ४० लाख आणि ‘ब’ दर्जाला ३० लाख रुपये अशी तिची रचना राहिली आहे. पण दर्जा ठरतो तयार चित्रपट समितीने पाहिल्यानंतर. म्हणजे आधी सगळा खर्च करा, सेन्सॉरचे प्रमाणपत्र आणा, मग अर्ज करा. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला ही योजना मदत करते. ज्याच्याकडे फक्त पटकथा आणि एक गाणारी मुलगी आहे, त्याला पहिला दिवस कसा काढायचा याचे उत्तर तिच्यात नाही. पुढे चित्रपटगृह मिळणे हा वेगळाच डोंगर. २०१५ मध्ये मल्टिप्लेक्सना मराठी चित्रपटासाठी मोक्याची वेळ राखायला सांगण्याचा निर्णय झाला, त्यावर गदारोळही झाला. मात्र खेळ किती दिवस टिकतो हे अखेर पहिल्या तीन दिवसांच्या गल्ल्यावरच ठरते.

विदर्भाची ‘वाइल्ड रोझ’ बनवायची झाल्यास पहिली अडचण कोणती?

तारखांची. झाडीपट्टीच्या खऱ्या गायिकेला घेऊन, खऱ्या मांडवात चित्रीकरण करायचे तर ते भाऊबीज ते होळी याच काळात करावे लागेल. पण तेच तिचे कमाईचे महिने. रात्री प्रयोग, पहाटे गाडीत झोप, दुपारी पुढचे गाव. एक रात्र चित्रपटाला दिली तर एका रात्रीचे मानधन बुडाले, शिवाय मंडळाला ऐनवेळी बदली गायिका शोधावी लागेल. हंगामाबाहेर चित्रीकरण ठेवले तर मांडव नाही, प्रेक्षक नाही, शंकरपट नाही. आणि पावसाळ्यात झाडीपट्टीतले अनेक कलावंत शेतावर असतात, कारण तेव्हा धानाची रोवणी सुरू असते.